जुन्या फोटोतला फुग्याच्या बाहीचा ब्लाऊज घरी शिवायचा तर

फुग्याची बाही परत आली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या जागी फुगते. लग्नात, दुकानांच्या काचेत, नाटकाच्या स्टेजवर नीट बघा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते आणि फुगा तिथून सुरू होतो. वरून लेस, मोती, मागे खोल गळा आणि लटकन. १९४० च्या आसपासचा कुठलाही घरगुती फोटो शेजारी धरला की फरक दिसतो. त्यात फुगा खांद्याच्या हाडावर उभा असतो, गळा मानेला धरून असतो आणि ब्लाऊज कमरेपर्यंत पोचतो. लेस असलीच तर बोटभर. तो जुना दिसतो तो कटिंगमुळे, आणि कटिंग कागदावर होत असल्यामुळे घरी शिकता येतं.

मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. दिवसभर पाव-पाव इंचासाठी भांडायची सवय आहे, तीच रविवारी शिवणात वापरते. मशीन साधी काळी पायमशीन, फक्त सरळ टीप मारणारी. झिगझॅग नाही, काजं करायची सोय नाही. या कामाला तेवढी पुरते. खाली एकच ब्लाऊज सांगते, साधारण १९३५ ते १९५० च्या मराठी फोटोंत दिसणारा. कुणी त्याला पोलकं म्हणायचं, कुणी झंपर. तुम्हाला साधा चार टक्सचा (टक्स म्हणजे आकार यावा म्हणून कापडाला घातलेल्या शिवलेल्या चिमट्या) ब्लाऊज शिवता येतो असं धरून चालले आहे. येत नसेल तर आधी तो शिका, गल्लीतल्या शिवणक्लासला जाऊन शिका. व्हिडिओ बघून मुंढा (बाही जोडायची गोल खाच) समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता फोटो. अल्बम काढून बसलात की पहिली अडचण येते ती पदराची. ब्लाऊज दिसतो म्हणजे काय दिसतं? एक बाही, गळ्याचा एखादा कोपरा आणि पदराखालून कमरेशी डोकावणारी एक पट्टी. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला असेल तर तेही नाही. याचा फायदा करून घ्यायचा. जे दिसतं तिथं वेळ घालवा: बाही, गळा, लांबी. छातीवरचे टक्स हुबेहूब त्या काळातले आहेत की नाहीत हे कुणाच्या बापाला दिसत नाही. फोटोत तीन गोष्टी मोजा. फुग्याचा माथा खांद्याच्या किती वर जातो, बाही कोपराच्या किती वर संपते आणि गळ्याच्या खड्ड्यापासून गळा किती खाली आहे. नक्की इंच मिळत नाहीत, पण हनुवटी ते गळ्याचा खड्डा हे अंतर एकक धरलं तर प्रमाण मिळतं.

घरात खरंच एखादा जुना ब्लाऊज टिकून असेल तर तो उसवू नका. घोंगडी दुमडून टेबलावर पसरा, तिच्यावर कागद, कागदावर ब्लाऊजचा एकेक भाग सपाट करून ठेवा आणि शिवणींवरून दर अर्ध्या इंचावर टाचणी खाली दाबा. कागदावर भोकांची ओळ उमटते, ती पेन्सिलीने जोडा. झाला ड्राफ्ट. अंगात बरोबर बसणाऱ्या आजच्या ब्लाऊजचाही ड्राफ्ट असाच उतरवता येतो. फक्त टक्समध्ये गेलेलं कापड मोजून कागदावर परत उघडायला विसरू नका.

कापड

हातमागाचंच हवं असा हट्ट नको. मुंबईत कापडगिरण्या एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या, आमच्या शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली यंत्रमाग आला. म्हणजे १९४० साली गिरणीचं कापड चांगलंच जुनं झालेलं होतं. पॉपलिन, कॅम्ब्रिक, वॉयल, टू बाय टू रुबिया, सगळं चालतं. नकली रेशमाची चकाकीही त्या काळात होती, जपानी नकली रेशीम १९३० च्या दशकात आपल्या बाजारात येत होतं. चालत नाही ते पॉलिस्टर. ते आपल्याकडे साठच्या दशकात रुळलं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या चुण्या ताठ, कडक पडतात. फुगा गोल बसत नाही.

खण घ्यायचा असेल तर कोल्हापूरला सोपं आहे, महाद्वार रोडला ढीग मिळतात. खणाचं मूळ गाव गुळेदगुड्ड, कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. हातमागाच्या खणाचा पना (कापडाची रुंदी) लहान असतो, म्हणून दुकानात टेप लावून मोजा, विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आणि बाजारात खणाच्या नक्षीचं छापील कापडही ‘खण’ म्हणूनच विकतात. उलटी बाजू बघितली की विणलेली नक्षी कळते.

किती घ्यायचं? इथंच बरेच जण अडकतात. साडीसोबतचा ब्लाऊजपीस ८० सेंटिमीटर ते १ मीटरचा असतो. त्यात हा ब्लाऊज बसत नाही. छाती ३६ असेल तर एकेक बाही १९ इंच रुंद कापावी लागते. पना ३० ते ३६ इंच असेल तर दीड मीटर घ्या, ४४ असेल तर सव्वा. छोट्या पन्याला घाबरू नका: एका पट्ट्यात दोन पुढचे भाग, एकात पाठ, मग एकाखाली एक दोन बाह्या, असं नीट मावतं. कमी पडलंच तर आतल्या पट्ट्या दुसऱ्या सुती कापडाच्या लावा. महायुद्धाच्या काळात टंचाई इतकी होती की १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. त्या काळाची नक्कल करताना आतल्या पट्टीच्या रंगावरून कशाला लाजायचं?

कापड रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. खणाचा रंग आधी तपासा: ओला पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. रुमाल रंगला तर ब्लाऊज कायम वेगळा धुवायचा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही.

कागदावर चार बदल

खाकी कागद, पट्टी, पेन्सिल. आकडे छाती ३६, कंबर ३० धरून देते, तुम्ही आपले घाला.

पहिला बदल सैलपणाचा. आजचा ब्लाऊज अंगाला चिकटून शिवतात, हा तसा नाही. पुढचा भाग छातीचा चौथा हिस्सा अधिक १ इंच, म्हणजे १०. पाठ अर्धा इंच कमी, साडेनऊ.

दुसरा लांबीचा. खांद्यावर गळ्याजवळून, छातीवरून, थेट कमरेपर्यंत टेप आणा. समजा साडेपंधरा आले. त्यातला दीड इंच खालच्या पट्टीचा, अंगाचा भाग १४. छातीखालच्या टक्सऐवजी इथं चुण्या घालायच्या आणि त्या कमरेच्या पट्टीत बसवायच्या. पुढच्या भागाची रुंदी १०, कमरेला हवी ८, म्हणजे प्रत्येक बाजूला २ इंच कापड चुण्यांत जातं. बाजूचा आणि मुंढ्याचा टक्सही यात वळवता येतो: खालच्या टक्सच्या टोकापर्यंत कागद कापा, बाजूचा टक्स घडी घालून मिटवा, खालचा आपोआप उघडतो. उघडलेलं सगळं चुण्यांत. छाती भरलेली असेल तर मात्र बाजूचा टक्स ठेवाच, पदराखाली झाकला जातो. पाठीला दोन साधे टक्स पुरे.

तिसरा खांदा. फुगा घसरतो तो इथल्या चुकीने. साध्या ब्लाऊजचा अर्धा खांदा ७ असेल तर तो सव्वासहा करा. खांद्याच्या टोकाकडून पाऊण इंच आत या आणि तिथून मुंढ्याची रेघ पुन्हा काढून खाली जुन्या रेघेला मिळवा. शिवण हाडाच्या आत गेली की फुगा हाडावर बसतो.

चौथा मुंढ्याची खोली. काखेत एक फूटपट्टी आडवी धरून आरशासमोर उभ्या राहा. तिच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली मुंढ्याचा तळ, त्याहून खाली नाही. आपल्याला वाटतं मुंढा खोल ठेवला की हात मोकळा होतो. होतं उलटं. खोल मुंढ्यात हात वर केला की सगळा ब्लाऊज वर ओढला जातो. उंच मुंढ्यात फक्त बाही हलते.

बाही

वेळ इथं द्या. साध्या बाहीचा कागद घ्या, लांबी ६ इंच, रुंदी काखेच्या रेघेवर १३. मध्यावर उभी रेघ मारा, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर आणखी दोन-दोन. पाच रेघा झाल्या. माथ्यापासून खालपर्यंत पाचही कापा. मोठ्या कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि काखेची रेघ तिच्यावर जुळवत तुकडे मांडा, प्रत्येक फटीत १ इंच सोडून. रुंदी १८ झाली. काखेकडचे दोन मोठे तुकडे आहेत तसेच राहतात, म्हणून काखेत कापडाचा बोळा होत नाही.

आता माथा मध्यावर सव्वा इंच वर उचला आणि दोन्हीकडे गोल वळणाने उतरवत काखेकडच्या तुकड्यांवर मूळ रेघेला मिळवा. खालची कड मध्यावर पाऊण इंच खाली न्या. ही खालची वाढ लोक विसरतात, मग बाही नुसती रुंद होते, फुगून पट्टीवर झुकत नाही. मध्यबिंदूला खूण, पुढच्या बाजूला एक खूण, मागच्या बाजूला दोन. खुणा नसतील तर डावी-उजवी बाही हमखास उलटी लागते.

पट्टीसाठी बाही जिथं संपते तिथला दंडाचा घेर मोजा. ११ आला तर तयार पट्टी १२, कापताना १३. रुंदी अडीच कापा, दुमडून शिवल्यावर एक इंच राहते. खणाची किनार इथं लावली तर बघायलाच नको. किनार एकेरी असते, तिला आतून मऊ सुती कापड जोडा, नाहीतर दिवसभर दंडाला टोचते.

गळा

पुढे चार-पाच इंच खोल, मागे दोन-अडीच. चौकोनी, गोल किंवा व्ही, तिन्ही फोटोंत सापडतात. मला गोल गळ्यावरची छोटी सपाट कॉलर आवडते. ती काढायची युक्ती अशी: पुढचा आणि मागचा कागद खांद्याला जोडून ठेवा, पण गळ्याकडे जुळवून बाहीकडच्या टोकाला अर्धा इंच एकमेकांवर चढवा. गळ्याची रेघ उतरवून घ्या, तिच्या समांतर सव्वादोन इंचावर दुसरी रेघ, पुढची टोकं गोल. त्या अर्ध्या इंचामुळे कॉलर किंचित वळते आणि गळ्याची शिवण तिच्याखाली लपते. चढवलंच नाही तर कॉलर पसरट पडते आणि शिवण बाहेर डोकावते.

मांजरपाटावर एकदा

खण कापायच्या आधी धुतलेल्या मांजरपाटाचा एक ब्लाऊज कच्च्या टाक्याने उभा करा. बाही एकच लावली तरी चालेल. घालून हात वर करा, माळ्यावरचा डबा काढल्यासारखं. एसटीत वरचा दांडा धरून उभं राहता आलं पाहिजे, ही माझी परीक्षा. कमरेची पट्टी वर सरकली तर मुंढा अजून खोल आहे. पाठीला आडव्या सुरकुत्या ताणल्या तर पाठ पाव इंच वाढवा. माथ्यावरच्या चुण्या पुढे ढळत असतील तर मध्यबिंदू थोडा मागे न्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींचे खांदे दिवसभर टेबलावर वाकून पुढे आलेले असतात, माझे आहेत. खुणा मांजरपाटावरच करा, मग कागद दुरुस्त करा.

शिवताना

खण कापताना सगळे भाग एकाच दिशेने मांडा, नाहीतर नक्षी एका बाजूला सुलटी, दुसरीला उलटी. उभा धागा बाहीच्या मध्यरेघेवर. बाजूच्या शिवणीला १ इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा, बाकी ठिकाणी अर्धा, गळ्याला पाव. खणाला १४ नंबरची सुई, वॉयलला ११. आधी चिंधीवर टीप मारा. खाली दोऱ्याचे फास दिसले तर वरचा दोरा सैल आहे किंवा नीट ओवलेला नाही. बॉबिनचा दोरा वर दिसला तर वरचा फार ताणलेला आहे.

खांदे आधी जोडा. कडा आत झाकल्या जातील अशी दुहेरी शिवण घाला: उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून पहिली बारीक टीप, कडा कातरून, परतून, मग दुसरी. बाजूंना मात्र दुहेरी शिवण घालू नका, ती पुढे उसवून सैल करता येत नाही. तिथं १ इंच मायेच्या कडा दुमडून नुसती टीप मारा. कडा इंटरलॉक करून (मशीनवर दोऱ्याने गुंफून) आणायचा मोह होतो, सोयीचंही आहे. पण मग आतून तो ब्लाऊज आजचाच दिसतो, आणि मला आतली बाजू बघायला आवडते.

बाहीच्या चुण्यांसाठी मशीनची टीप सगळ्यात मोठी करा. शिवणीच्या रेघेच्या वर एक, खाली एक अशा दोन ओळी मारा, टोकाला दोरे मोकळे. फक्त खालचे म्हणजे बॉबिनचे दोरे ओढायचे. बाही मुंढ्याला टाचताना आधी काखेकडून खुणांपर्यंत सपाट टाचा. सगळ्या चुण्या खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांत आणि सगळ्यात दाट अगदी माथ्यावर. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, बोटांनी सारख्या करत हळू चला. पायमशीनचा इथं खरा उपयोग, हवा तितका वेग. झालं की बाहेर दिसणारी मोठी टीप उसवा.

माया बाहीच्या बाजूला वळवा, अंगाच्या बाजूला नाही. तिच्याच आधाराने फुगा उभा राहतो. वॉयलसारखं पातळ कापड असेल तर आणखी आधार द्या: ऑर्गंडीची ८ इंच लांब, ३ इंच रुंद पट्टी उभी दुमडा, उघड्या कडांवर चुण्या घाला आणि बाहीच्या आतून माथ्याच्या मायेला हाताने टाचा. बाही टम्म पुरीसारखी राहते. खणाला हे लागत नाही, तो मुळात अंगाने भारी असतो.

पट्टी लावली की बाहीची काखेकडची आणि ब्लाऊजची बाजूची शिवण एका दमात मारा. मग कमरेची पट्टी. गळ्याला कॉलर आणि गळा यांच्यामध्ये तिरक्या कापडाची अरुंद पट्टी घालून ती आत दुमडा आणि हाताने हेम करा.

बटणं पुढे. उघडीला पाऊण इंच वाढवा आणि आतून सुट्टी पट्टी लावा. उजवी बाजू डावीवर. पाच बटणं पुरतात, पण पहिलं छातीच्या रेघेवर ठरवा आणि बाकीची त्याच्या वर-खाली वाटा, नाहीतर नेमकी तिथंच फट पडते. मधे एखादं टिचबटण आतून लावा. शिंपल्याची बटणं मिळाली तर उत्तम, नाहीतर त्याच कापडाची मढवून आणा. प्लास्टिकचे मोती नकोत. काजं हातानेच: बटणापेक्षा सूतभर लांब आडवी रेघ, तिच्याभोवती बारीक टिपेचा चौकोन, मग मधे कापा आणि कडेने काजटाका. दोरा आधी मेणबत्तीवरून ओढून घ्या, गुंता होत नाही. चिंधीवर दोन-तीन काजं केल्याशिवाय ब्लाऊजला हात लावू नका.

इस्त्रीच्या वेळी फुगा कधीही सपाट दाबायचा नाही. नॅपकिनची घट्ट गुंडाळी बाहीत घाला आणि इस्त्रीचं टोक चुण्यांत शिरवत फिरवा. कपाटात घडी घालू नका, हँगरला लावा आणि बाह्यांत जुन्या मलमलचे बोळे ठेवा.

हाच कागद जपून ठेवलात तर १९५० च्या दशकातला ब्लाऊज वेगळा काढावा लागत नाही. बाहीच्या फटी मिटवा, माथा खाली आणा, खांदा परत ७ करा, सैलपणा दोन इंचांनी कमी करा, चुण्यांच्या जागी टक्स आणा आणि बाही कोपरापर्यंत लांबवा. कागदावर पेनने छाती, कंबर आणि तारीख लिहा, कारण मापं बदलतात आणि कागद सगळे सारखेच दिसतात.